हरभऱ्यातल्या नऊ मामी

चि. प्रेरणा हिला सावळाराम मामाचे भरभरून आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेल, थंडीत कान बांधत असशील, आणि तुमच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांचीही प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो (उंदरांची चौकशी मुद्दाम केली, कारण तुझं सगळं काम त्यांच्या जिवावर चालतं असं तूच म्हणाली होतीस). इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. सर्व म्हणजे मी, म्हैस आणि मोत्या. तुझी मामी त्या सर्वांत नाही. ती आंबवड्याला माहेरी जाऊन बसली आहे, माझा फोन उचलत नाही, आणि चुकून उचललाच तर "राँग नंबर हाय" म्हणून ठेवते. हे मी तुला पत्रातून कळवतो आहे, कारण आमच्या वाडीत रेंज फक्त चिमाजीच्या गोठ्याच्या छपरावर येते आणि ही हकिकत चिमाजीच्या डोक्यावर उभं राहून सांगण्यासारखी नाही. तिला लावलेले सगळे फोन मी तिथूनच लावले, त्यामुळे तिनं न उचललेला प्रत्येक फोन त्याला तोंडपाठ आहे.

तर या सगळ्याला कारण तू आहेस. घाबरू नकोस, दोष देत नाही, नुसतं कारण सांगतो. दोष वेगळा आणि कारण वेगळं, एवढं मी हायस्कुलात प्रयोगशाळा परिचर म्हणून हयात घालवून शिकलो आहे. (परिचर म्हणजे शिपाईच, असं चिमाजी सांगत फिरतो. शिपाई घंटा वाजवतो. मी परीक्षानळ्या धूत असे, आणि भोर तालुक्यातली कितीतरी मुलं ज्या लखलखीत नळ्यांत नापास झाली त्या माझ्या हातच्या होत्या.) सांगायचा मुद्दा, विज्ञान माझ्या अंगात मुरलेलं आहे. कुणी नुसती दिशा दाखवायचा अवकाश. ती तू दिवाळीत दाखवलीस.

आठवतंय ना? तू ओट्यावर बसली होतीस, मामी शेंगा फोडत होती, आणि तिनं विचारलं, "पुण्यात दिसभर करतीस तरी काय गं तू?" तेव्हा तू सांगितलंस, की रोगाचा जंतू अंगात शिरला की रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी त्याला धरायला प्रतिपिंड नावाची वस्तू बनवतात. पहिली वस्तू ओबडधोबड असते, जंतूला नीट चिकटत नाही. मग त्या पेशी मानेतल्या, काखेतल्या गाठींमध्ये जमतात, भराभर आपल्या नकला काढतात, आणि नकला काढताना ज्या जनुकात प्रतिपिंडाची कृती असते नेमक्या त्याच जनुकात चुका करतात. त्या चुका करायला शरीरानं एक खास रसायन नेमलेलं आहे, त्याचा धंदाच तो. पुष्कळशा चुका वाया जातात. पण एखादी अशी बसते की नवी वस्तू जंतूला पहिल्यापेक्षा घट्ट धरते. जिची पकड घट्ट ती पेशी जगते, तिच्याच पुन्हा नकला निघतात, त्यांत पुन्हा चुका, पुन्हा निवड. बाकीच्या बिचाऱ्या मरून जातात. डोकं कुणीच चालवत नाही आणि शेवटी वस्तू मात्र अशी तयार होते, की जणू जंतूचं माप घेऊनच शिवली. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. तुझी मामी म्हणाली, "मंजी मुद्दाम चुका करायच्या, आन् त्यातलं बरं निघंल त्ये ठिवायचं? मग लगीन झाल्यापास्नं ह्यांच्या चुका म्या बघतेच हाय की. ठिवण्याजोगं काय निगालं न्हाई अजून." तू हसलीस, आणि त्याच विषयात पुढं काहीतरी महत्त्वाचं सांगू लागलीस, पण तेवढ्यात मी चकल्या आणायला आत गेलो. हा चकल्यांचा भाग ध्यानात ठेव, तो मला महागात पडला.

भात झोडून झालं, आणि नेहमीप्रमाणे वाडीतल्या नऊच्या नऊ घरांनी शेतात उरलेल्या ओलीवर हरभरा टाकला. हरभरा घाट्यावर आला आणि डोंगरावरून वानरं उतरली. आता बुजगावणी आम्ही वर्षानुवर्षं लावत आलो, पण वानराला दोन दिवसांत कळतं, की हा गडी जेवायला घरी जात नाही, म्हणजे हा माणूस नव्हे. माझ्या बाहुल्याला मी माझा परिचराचा खाकी शर्ट घातला होता. एक हुप्प्या त्याच्या खांद्यावर बसून घाटे सोलत होता आणि टरफलं शर्टाच्या खिशात टाकत होता. माझ्या जुन्या हुद्द्याचा असा अपमान हायस्कुलातल्या मुलांनीही कधी केला नव्हता. त्याच क्षणी मला तुझ्या त्या गाठी आठवल्या. वानर म्हणजे जंतू, बुजगावणं म्हणजे प्रतिपिंड, आणि आमची वाडी म्हणजे काखेतली गाठ! मी संध्याकाळी समाजमंदिरात बैठकच बोलावली.

योजना सोपी होती. सगळ्यांनी माझ्याच बाहुल्याची नक्कल करायची, पण प्रत्येक घरानं त्यात एक चूक करायची. बाजाराच्या दिवशी सगळी शेतं बघायची. ज्याच्या हरभऱ्याचं नुकसान सर्वांत कमी, त्याचं बाहुलं जिंकलं. मग सर्वांनी त्याची नक्कल काढायची, पुन्हा एकेक चूक करून. हरलेली बाहुली न्हाणीच्या चुलीत. तुला वाटेल, यात अवघड ते काय? अवघड हे, की आमच्या वाडीत मुद्दाम चूक करायला कुणी तयार होईना. जो तो म्हणे मी सुधारणा करतो. चुकीला सुधारणा म्हटलं की विज्ञान संपलं, हे मी परोपरीनं सांगितलं. चिमाजी तर उठून उभा राहिला. "आमच्या घरात चूक व्हत न्हाई. आमच्या बापाच्या येळंपास्नं झाल्याली न्हाई." त्यावर त्याची बायको रतनबाई पाठीमागून शांतपणे म्हणाली, "सांगू का हितं, समद्यांफुडं?" आणि ठराव एकमतानं मंजूर झाला.

पहिल्या खेपेला चिमाजीनं बाहुल्याला मोटारसायकलचं हेल्मेट घातलं. ते एका वानरानं काढून स्वतः घातलं आणि तसंच डोंगरावर गेलं, ते अजून आलेलं नाही. आणखी एकानं बाहुल्याच्या गळ्यात मोबाईल बांधून भजन लावलं, तर वानरं रांगेत बसून ऐकत ऐकत जेवली. जिंकला तो मेंढरं राखणारा नाथा. त्याच्याकडं जास्तीची पँटच नव्हती, म्हणून त्यानं बायकोचं जुनं लुगडं बाहुल्याला गुंडाळलं होतं. (नाइलाज हीसुद्धा चूकच धरावी, असा निर्णय मी दिला.) झालं, पुढच्या खेपेला नऊही बाहुल्या लुगड्यात उभ्या राहिल्या. यावेळी माझ्या बाहुलीचा उजव्या हाताचा बांबू कुजका निघून गळून पडला आणि डावा तेवढा वर राहिला. मी जिंकलो! मी ती चूक आधीपासून योजली होती असं सांगितलं, ते तू मनात ठेव. त्यानंतर चिमाजीचा खांब वाकडा निघाला, बाहुली किंचित पुढं झुकून भांडायला निघाल्यासारखी दिसू लागली, आणि चिमाजीच्या शेतात वानर फिरकेना. मग रतनबाईनं नुसताच लोंबणारा पदर वाऱ्यानं उडतो म्हणून कमरेला खोचला आणि मडक्याच्या डोक्याला पिवळा टॉवेल बांधला, तर वानरं बांधावरूनच माघारी. शेवटी नाथानं त्या वर केलेल्या डाव्या हातात एक धोंडा बांधला. प्रेरणा, त्यानंतर आमच्या हरभऱ्याला वानराचं नखसुद्धा लागलं नाही! शेजारच्या वाडीचे लोक बघायला आले. मी त्यांना काखेतल्या गाठींपासून सुरुवात करून सगळं समजावलं, दोघांनी काखा चाचपून पाहिल्या.

आता तू हसू लागली असशील. पदर खोचलेला, डोक्याला टॉवेल, किंचित पुढं झुकलेली, डाव्या हातात धोंडा. तू लांब राहतेस म्हणून तुला लगेच दिसतं. आमच्यापैकी कुणाला दिसलं नाही. आमच्या सगळ्या वाडीत वानरांना भीती एकाच माणसाची, रोज उजाडता उजाडता बांधावर जाऊन डाव्या हातानं धोंडा मारणाऱ्या आणि तो नेमका बसवणाऱ्या फुलाबाईची, म्हणजे तुझ्या मामीची, हे वानरांना ठाऊक होतं, आम्हांला नव्हतं. आम्ही डोळे मिटून चुका करत गेलो, वानरांनी त्यांतल्या निवडल्या, आणि वाडीच्या नऊ शेतांत नऊ फुलाबाई उभ्या राहिल्या. खुद्द तुझ्या मामीलाही कळलं नाही. जाता-येता आमच्या शेतातलीकडं बघून एकदा म्हणाली, "ही बाई कुटंतरी बघितल्यावानी वाटतीया," आणि बाहुलीचा सुटलेला पदर नीट खोचून पुढं गेली.

खुणा मिळत होत्या, नाही असं नाही. मोत्या बाहुलीसमोर शेपूट हलवत बसायचा. म्हैस धारेच्या वेळी गोठ्याकडं न येता शेताकडं तोंड करून हंबरायची. चिमाजी तर एका संध्याकाळी (कुठून तरी जरा घेऊन आला होता) आमच्या बांधावर उभा राहून बाहुलीला आपल्या सुनेची सगळी गाऱ्हाणी सांगून आला आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "वैनी काल लई ग्वाड वागल्या. मधी एक सबुद बोलल्या न्हाईत." यावरून तरी मी ओळखायला हवं होतं. आणि सर्वांत मोठी खूण म्हणजे एस.टी. आमचं शेत रस्त्याला लागून आहे, ते वळणावरचं. हात वर केलेली बाई दिसली की ड्रायव्हर गाडी थांबवायचा, कंडक्टर दार उघडून "चला मावशी, लौकर" म्हणून ओरडायचा, आणि मावशी ढिम्म. दोन-चारदा असं झाल्यावर ते इतके चिडले, की आमच्या वळणावर गाडीचा वेग वाढू लागला. मी मात्र याचीसुद्धा प्रयोगाच्या यशात गणना करत होतो.

आता मूळ दुखणं. मामीच्या भावानं, सोमेश्वरनं, आंबवड्यात नवं घर बांधलं आहे हे तुला माहीत आहे. त्याची वास्तुशांत होती. त्यांच्याकडं नव्या घरात भरला कलश घेऊन पहिलं पाऊल टाकायचा मान बहिणीचा असतो. आई-वडील गेल्यापासून तिला माहेरी असा मान मिळण्याचं हे पहिलंच निमित्त, त्यामुळं पायाचा दगड बसला त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. नवं हिरवं लुगडं घेतलं, भावजयीला आहेर घेतला, मला चपला घ्यायला लावल्या. मी आदल्या दिवशी वरच्या वस्तीवर नाथाकडं गेलो होतो (त्याच्या मेंढीला जुळं झालं होतं, त्याला वाटलं विज्ञानाचा माणूस जवळ असावा). ठरलं असं, की सकाळची पहिली एस.टी. वरूनच येते, तिच्यात मी नाथाकडून बसायचं आणि तिनं खाली वाडीच्या पुलापाशी चढायचं. पुढं भोरला गाडी बदलून आंबवडे.

गाडी वळणावर आली. मी खिडकीपाशी, शेजारी-पाजाऱ्यांना आमच्या बुजगावण्यांचं शास्त्र समजावत होतो. ड्रायव्हरनं वेग जरा कमी केला आणि मागं वळून विचारलं, "बाई हाय का बाहुलं?" मी बाहेर बघितलं. धुक्यात पदर खोचलेला, डोक्याला टॉवेल, डावा हात वर. माझा ऊर भरून आला. मी सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "बुजगावणं हाय ते. आमचीच निर्मिती. चला!" आणि गाडी निघाली. इतक्यात मागून एक धोंडा आला आणि नेमका माझ्या खिडकीच्या गजावर खणकन बसला. कंडक्टर म्हणाला, "काय वो मामा, धोंडं बी मारतंय?" आणि प्रेरणा, मला त्या क्षणी काय वाटलं असेल? मला वाटलं, चिमाजीनं स्प्रिंग बसवली! मला त्याचा हेवा वाटला. बाहुल्याला नवं कोरं हिरवं लुगडं कोण नेसवील, एवढा साधा विचार, हयात प्रयोगशाळेत काढलेल्या माझ्या मनात आला नाही.

पुलापाशी मामी नव्हती. मला वाटलं, उशीर झाला असेल, मागच्या गाडीनं येईल. भोरच्या स्टँडवर उतरून मी चहा घेतला आणि चिमाजीला फोन करून स्प्रिंगबद्दल अभिनंदन केलं. तो म्हणाला, "कसली स्प्रिंग? तुमची बाहुली तर रातच्यालाच आमच्या अंगणात आनलीया म्या, नक्कल काढायला." मी विचारलं, मग रस्त्याला कोण उभं होतं? त्यानं छपरावरूनच आमच्या दाराकडं बघितलं. मग तो हळूच म्हणाला, "वैनी घरात न्हाईत. दाराला कडी हाय." माझ्या हातातला चहा माझ्या नव्या चपलांवर सांडला. त्या एका क्षणात मला नऊही शेतं दिसली, नऊही बाहुल्या दिसल्या, आणि मी बाकावर बसून राहिलो. इतकी वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिला मी भर गाडीत बाहुलं म्हणालो होतो, आणि काच उघडी होती.

बांधावरची रोजची फेरी उरकून वळणावरूनच गाडीला हात केलेली मामी दुधाच्या टेम्पोतून आंबवड्याला पोचली, तोवर मुहूर्त टळू नये म्हणून सोमेश्वरच्या मेव्हणीनं कलश घेऊन पाऊल टाकलं होतं. सोमेश्वर तरी काय करणार, गुरुजी घाई करत होते. मामी दारात उभी राहिली, हिरव्या लुगड्यावर दुधाचे डाग, हातात आहेराची पिशवी. पदर खोचून सरळ वाढायला लागली. पंगतीत मी बसलो होतो. वाढत वाढत ती माझ्या पानापाशी आली, माझ्याकडं बघितलं, आणि पुढच्या पानावर गेली. शेजारचे पाहुणे म्हणाले, "अवो आक्का, ह्यास्नी ऱ्हायलं वाढायचं." ती म्हणाली, "बुजगावणं हाय ते. चला." सगळी पंगत हसली. मीही हसलो, म्हणजे तसं दाखवलं. कोरड्या पानावर बसून उठलो आणि एकटाच परत आलो.

तर आता तुझ्या लक्षात आलं असेल, की तू दिवाळीत जे पुढं सांगत होतीस आणि मी चकल्या आणायला गेलो, ते काय होतं. मी ते परवा चिमाजीच्या छपरावर मोबाईलवर शोधून वाचलं. चुका करता करता काही पेशी अशाही निघतात, ज्या जंतू सोडून आपल्याच माणसाला, म्हणजे आपल्याच शरीराला धरायला धावतात. म्हणून प्रत्येक फेरीत नुसती जंतूवरची पकड बघून भागत नाही, घरचं कोण आणि परकं कोण हे जिला कळत नाही तिला बाजूला काढावंच लागतं. ही पायरी आमच्या प्रयोगात नव्हती. ती राहिली याला थोड्याफार चकल्या जबाबदार आहेत, थोडी तू (जरा मोठ्यानं सांगायचं होतंस), आणि बाकी वानरं. मी फक्त बसलो होतो गाडीत.

तेव्हा तुला विनंती एवढीच, की मामीला एक फोन करावा. तुझा फोन ती उचलते. तिला शास्त्रीय भाषेत समजावून सांग, की आपल्याच माणसाला न ओळखणं ही निसर्गात घडणारी गोष्ट आहे, जगातले मोठमोठे विद्वान तिच्यावर काम करतात, तुझ्या मामाचा यात वैयक्तिक असा काही दोष नाही. मला तशी काही घाई नाही. माझं सगळं व्यवस्थित चाललं आहे. भाकरी येते करता (गोल नाही येत, पण पोटात जाऊन आकार कोण बघतो?). म्हैस धार देत नाही, तेवढंच. तुझ्या आईला नमस्कार सांग, आणि माझी बहीण असूनही ती यात मामीची बाजू घेणार हे मी धरूनच चाललो आहे.

तुझा,
सावळाराम मामा

ता. क. वर "घाई नाही" असं लिहिलं आहे ते खोडून वाचावं. मामी गेल्यापासून वानरं परत आली आहेत. खऱ्या फुलाबाईचा धोंडा पाठीत बसायचा थांबला तसा खोट्या नऊ जणींचा धाक संपला. काल एक पिल्लू आमच्या बाहुलीच्या वर केलेल्या हाताला लोंबकळत होतं. चिमाजीनं पुन्हा बैठक बोलावली (माझ्याशिवाय), आणि सगळी वाडी आता माझ्या दारात येऊन म्हणते, वैनींना आणा. रतनबाई म्हणाली, "भावजी, त्यांचं रूप आमी समद्यांनी घडीवलं. पर गाडी तुमी सोडली."

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं ते फोडून लिहितो आहे. तुझ्या फोनची वाट न बघता मी आज स्वतःच आंबवड्याला गेलो. वाटेत दोन्ही गाड्यांत बसून काय बोलायचं ते पाठ केलं, जंतूपासून गाठीपर्यंत सगळं. सोमेश्वरच्या दारात पोचलो आणि एकही शब्द आठवेना. घरात शिरवेना आणि माघारीही फिरवेना, दोन्ही हातांत पिशवी धरून तसाच फाटकाशी उभा राहिलो. अंगणात फरशी बसवणारा गवंडी होता, तो मला ओळखत नव्हता. दोनदा "कोन पायजे?" म्हणाला, मला बोलता येईना. शेवटी त्यानं आत हाक दिली, "अवो आत्याबाई, फाटकात कुनीतरी हुबं हाय. बोलत न्हाई का हालत न्हाई." तुझी मामी पिठाच्या हातांनी दारात आली. मी मनात म्हटलं, आता ती म्हणेल ते म्हणेल, आपण ऐकून घ्यायचं. ती गवंड्याला म्हणाली, "येऊ द्या त्यास्नी. आमचंच हाय ते."

प्रेरणा, मी तिथं फाटकातच रडलो. गवंडी फरशीकडं बघायला लागला.

ता. क. तिसरा, आणि खरं काम या एकाच ता. क. मध्ये आहे. मामी घरी आली आहे. म्हशीनं धार दिली. मामीनं हे पत्र वरपासून खालपर्यंत वाचलं, मध्ये दोनदा हसली (कुठं ते सांगत नाही), आणि ते टाकायला मनाई केली नाही, पण एक शंका तुला विचारायला सांगितली आहे. जी पेशी आपल्याच माणसाला ओळखत नाही तिला शरीर मारून टाकतं, असं मी मोबाईलवर वाचलं. मामी विचारते, सगळ्यांनाच मारतात, की एखादीला जिवंत ठेवून, घरातच ठेवून, नुसतं गप्प बसवायचीही सोय आहे? तुमच्या पुस्तकात काय असेल ते असो, तू उत्तर "सोय आहे" असंच पाठव आणि लवकर पाठव. तुझं पत्र ती आधी वाचणार आहे, आणि तोवर मला वाढलेलं पान समोर असलं तरी हात लावायची परवानगी नाही.